खासगीची किल्ली, दौलतीची किल्ली



'किल्ल्यांचा इतिहास' असे शब्द फलकावर वाचून अवचितगड, घोसाळगड आणि तळगड ह्यांची माहिती ऐकावयास जे श्रोते आले असतील, त्यांची मी आरंभीच क्षमा मागतो. किल्ला आणि किल्ली ह्या दोन शब्दांना अनेकवचनात विभक्ती लागली, की त्यांचे रूप एकच होते. चालकांनी माझा विषय टिपून घेतला तेव्हा त्यांनी गड धरले. माझ्या मनात मात्र कुलपाच्या किल्ल्या होत्या. तरीपण गडाची वाट चुकलेल्यांना मी अगदीच रिकाम्या हाताने परत पाठविणार नाही.

मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण कारखान्याच्या पाळीत आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. तीसएक वर्षे पेण आणि रोहे ह्या दोन तालुक्यांत कामगारांच्या संघटनेचे काम करतो आहे. तेव्हा इतिहासाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे, अडल्यामुळे. ती अडचण आधी सांगतो.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आमचा एक सभासद केमिस्ट होता. कारखान्याचे नाव घेत नाही, त्याचेही नाही. कंपनीने त्याला लॅपटॉप दिलेला होता आणि फोनमधले सिमकार्डही कंपनीचेच. माणूस व्यवस्थित, पण आपल्यापैकी बहुतेकांसारखा. ब्राउझरने विचारले, 'हा पासवर्ड लक्षात ठेवू का?' की हा 'ठेव' म्हणे. असे करता करता प्रयोगशाळेच्या नोंदींचा पासवर्ड, बँकेचा पासवर्ड, भविष्य निर्वाह निधीचा, मुलाच्या कॉलेजप्रवेशाचा, आणि तो आमचा सहखजिनदार असल्यामुळे संघटनेच्या ईमेलचाही, असे सगळे त्या एका यंत्राच्या पोटात गेले. एके दिवशी सकाळी त्याला दारावरच निलंबनाचे पत्र मिळाले. पासाबरोबर लॅपटॉप आणि सिमकार्ड काढून घेतले. दुपारी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला स्वतःच्या निधीत किती रक्कम आहे हेसुद्धा पाहता येईना. एकही पासवर्ड त्याला पाठ नव्हता. पाठ करण्याचे काम त्याने यंत्राकडे सोपविले होते. विसरलेला पासवर्ड बदलावा, तर त्यासाठी येणारा आकडा त्या जमा झालेल्या सिमवरच जात होता.

एवढ्यावर भागले असते तर मी इतिहासाच्या वाटेला गेलो नसतो. पुढे खातेनिहाय चौकशी सुरू झाली. तिथे व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने एक कागद वाचावयास घेतला आणि दुसऱ्याच वाक्याला मी चमकलो. ते आमच्या संघटनेच्या ईमेलमधले पत्र होते. हे आले कोठून, असे मी विचारले. उत्तर मिळाले, 'कंपनीच्या यंत्रावर उघडे होते.' त्या ईमेलमध्ये सभासदांची यादीही होती, आणि तीत अजून उघडपणे पुढे न आलेल्या तीन कंत्राटी पोरांची नावे होती. महिना संपला तेव्हा त्या तिघांचे कंत्राट वाढले नाही. कारण अर्थातच दुसरे लिहिले होते.

चूक कोणाची, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे. पहिल्या रागात मी त्या केमिस्टलाच बोललो. तो राग चुकीचा होता असे मला आज वाटते. का, ते पुढे येईल.

पासवर्ड ह्या इंग्रजी शब्दाला आपल्याकडे 'परवलीचा शब्द' म्हणतात. हा काही संगणकवाल्यांनी बसून बनविलेला शब्द नव्हे. तो छावणीतला आहे. रात्री चौकीवर पहारेकरी हटकतो, येणारा ठरलेला शब्द सांगतो, मग वाट मिळते. रोमन सैन्यात हे कसे चाले त्याचे वर्णन पॉलिबियस ह्या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात करून ठेवले आहे. सूर्यास्ताच्या सुमारास शब्द एका लाकडी पाटीवर लिहून दिला जाई, ती पाटी तुकडीतुकडीतून फिरत फिरत अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यावयाची. पाटीवर तुकडीची खूण असे. न आली तर कोठे अडली हे लगेच कळे. ह्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तो शब्द शिपायाचा नव्हता, पहाऱ्याचा होता. शिपाई बदलला तरी पहारा राही, आणि रात्र सरली की शब्दही सरे. शिपायाच्या तंबूतली स्वतःची पेटी उघडावयास त्या शब्दाचा काही उपयोग नव्हता.

आता गडाकडे येऊ. शिवछत्रपतींच्या कारभाराचे जे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे त्यावरून दिसते, की गड कधी एका माणसाच्या हाती दिलेला नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे बरोबरीचे. कारभार तिघांनी मिळून करावयाचा. शिवाय कोठारांसाठी कारखानीस वेगळा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे. संध्याकाळी दरवाजे बंद करवून कुलपे पडली की नाही हे त्याने स्वतः पाहावयाचे. पण हजेरीपट आणि हिशेब त्याच्याकडे नसत आणि कोठारही त्याचे नसे. म्हणजे एखादा हवालदार फितला, तरी त्याच्याबरोबर सगळा गड फितू नये अशी योजना होती. आपल्या अवचितगडावर उभे राहून खाली कुंडलिकेकडे पाहताना मला नेहमी ह्या तिघांची आठवण येते. तटबंदी सगळ्यांना दिसते. किल्ल्यांची वाटणी दिसत नाही.

ही झाली कामा-कामातली वाटणी. घर आणि काम ह्यांच्यातल्या वाटणीचे आपल्याकडचे सर्वांत स्वच्छ उदाहरण होळकरांच्या दौलतीत सापडते. पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. तेव्हापासून होळकरांकडे दोन तिजोऱ्या: एक दौलतीची, फौजेच्या आणि राज्याच्या खर्चाची, दुसरी खासगीची. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी केलेले घाट, मंदिरे, अन्नछत्रे ही प्रामुख्याने खासगीतून झाली. दौलतीचा पैसा दानधर्मास लावला नाही, हे त्यांच्या लौकिकाचे एक मोठे कारण आहे. पण ह्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. खासगी वेगळी होती म्हणूनच दौलतीवर कितीही संकटे आली तरी त्या बाईंच्या हाती स्वतःच्या विचाराने खर्च करण्यासारखे काही उरले. भिंत दोन्हीकडून उपयोगी पडते. राज्याचे रक्षण घरापासून होते, तसे घराचे रक्षण राज्यापासूनही होते.

आणि भिंत नसली म्हणजे काय होते, हे पाहावयास इंदूरला जावयास नको. आपला जिल्हा पुरे आहे. १९८१ पर्यंत त्याचे नाव कुलाबा होते आणि त्यात खोती होती. खोत सरकारचा धारा गोळा करी आणि त्याच घरात, त्याच मापाने, स्वतःचा फायदाही गोळा करी. कुळाने खळ्यावर भात मोजून दिले. त्यातले सरकारचे किती आणि खोताचे किती, हे कुळाला कळावयास बहुधा मार्ग नसे. सरकारी कामाचा दरारा खोताच्या खासगी येण्याला मिळे. वर वेठ आणि अबवाब वेगळेच. अलिबागजवळ चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे २५ गावांच्या कुळांनी जमिनी पडीक टाकल्या आणि १९३९ पर्यंत त्या कसल्या नाहीत. शेतकऱ्याने स्वतः पेरणी नाकारून सहा वर्षे काढावयाची, म्हणजे काय काढले असेल त्याचा विचार करा! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. चरीचा संप वाट्याचा होता, जुडग्याचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण दोन घरांच्या किल्ल्या एका कमरेला लागल्या म्हणजे नागविला जातो तो दुबळाच, एवढे त्यातून मी घेतो.

इंग्रजी अमलात सरकारी खजिन्याच्या कोठीला दोन कुलपे असत, एकाची किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. बँकेच्या तिजोरीची रीत अजूनही तीच आहे. आपल्या रोह्याला शाळेचे दिवस काढलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटेवर त्यांची सही आली. सही माणसाची, पण नोटेवरचे तिचे वजन खुर्चीचे. १९४९ साली खुर्ची सुटली. सही तीच राहिली, तिने नवी नोट मात्र चालेना. नोकरीतल्या पासवर्डाचे अगदी असेच आहे.

संगणकाला पासवर्ड लागला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये. एकच मोठे यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाचे होते, म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ज्याला त्याला पासवर्ड दिला. पुढच्याच वर्षी अॅलन शेर नावाच्या संशोधकाने ती सगळी यादी छापून काढली. त्याला यंत्रावर आठवड्याला चारच तास मिळत आणि काम त्यात भागत नव्हते. (कामाचे तास वाढवून मिळावेत म्हणून चोरी करणारा माणूस माझ्या उभ्या कामगारजीवनात मला भेटलेला नाही.) १९६६ साली तर गफलतीने पासवर्डांची यादी आणि 'आजची सूचना' ह्यांची अदलाबदल झाली आणि जो यंत्रापुढे बसेल त्याला सर्वांचे पासवर्ड वाचावयास मिळाले.

त्या काळी माणसाला पासवर्ड एक. आज कारकुनी करणाऱ्या साध्या माणसालाही पन्नास लागतात. पन्नास पाठ होत नाहीत, म्हणून लोक एकच सगळीकडे लावतात. एक दार फुटले की सगळी फुटतात. ह्यावर उपाय म्हणून पासवर्ड मॅनेजर निघाले. ब्रूस श्नायर ह्यांनी १९९७ साली काढलेला 'पासवर्ड सेफ' हा आरंभीच्यांपैकी एक. ही पेटी आहे असे समजा. आत प्रत्येक दाराची वेगळी, लांबलचक, पाठ न करावयाची किल्ली. आणि पेटीला एकच मुख्य किल्ली, जी फक्त तुमच्या डोक्यात. आतला मजकूर अशा रीतीने सांकेतिक केलेला असतो, की चांगल्या पेटीचा मालक म्हणविणारी कंपनीसुद्धा तो वाचू शकत नाही. मी स्वतः वापरतो आणि वापरा असे सांगतो. पण पेटी मिळाली म्हणून घर आणि काम ह्यांचा प्रश्न मिटला नाही. उलट, आता एका पेटीत सगळे भरण्याचा मोह वाढला.

त्याचे परिणाम मोठमोठ्या कंपन्यांनी भोगले आहेत. २०२२ च्या मे महिन्यात सिस्को ह्या कंपनीत चोर शिरले, ते एका कर्मचाऱ्याच्या खासगी गूगल खात्यातून. त्याच्या ब्राउझरने कंपनीचा पासवर्ड त्या खात्यात नेऊन ठेवला होता. २०२३ साली ऑक्टा ह्या कंपनीचे तसेच झाले. ह्या कंपनीचा धंदाच मुळी इतरांची दारे सांभाळण्याचा! तिच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचे गूगल खाते उघडले, कामाच्या एका खात्याचे नाव आणि पासवर्ड त्या खासगी खात्यात जपून ठेवले गेले, आणि १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत परक्याचा हात पोचला. लास्टपास ही तर पासवर्डांच्या पेट्याच विकणारी कंपनी. सर्वांत महत्त्वाच्या किल्ल्या तिथे चारच अभियंत्यांच्या आवाक्यात होत्या. त्यांपैकी एकाच्या घरच्या संगणकात, करमणुकीच्या एका जुन्या सॉफ्टवेअरच्या फटीतून, २०२२ साली चोर शिरला. अभियंता कोणती कळ दाबतो हे टिपणारे यंत्र त्याने आत बसविले आणि मुख्य किल्ली उमटताक्षणी उचलली. पेटी कामाची होती, वेगळी होती. पण ती उघडली घरच्या ओटीवर.

ऑक्टाचा खुलासा मी मित्राकडून समजावून घेतला. त्यात कर्मचाऱ्याने खासगी खाते उघडल्याचा उल्लेख ठळक आहे. मला त्या न पाहिलेल्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटली. आमच्याकडे २०२५ पर्यंत १९४८ चा कारखान्यांचा कायदा होता. त्याचे २१ वे कलम सांगे, की धोक्याच्या यंत्राला मालकाने कठडा घातला पाहिजे. कामगाराचे बोट गेले तर 'त्याने हात का घातला?' हा पहिला प्रश्न नव्हे. 'कठडा कोठे होता?' हा पहिला प्रश्न. कंपनीच्या यंत्रावर खासगी खाते उघडता येऊ नये अशी सोय करता येत होती, आणि घटना घडल्यावर ऑक्टाने ती केली. मग आधी का नाही? आमच्या केमिस्टवर मी रागावलो होतो, तेव्हा मला हे कलम पाठ होते आणि तरीही आठवले नाही.

मालकांच्या बाजूने ह्या भिंतीचा विचार पुष्कळ झाला आहे. कामगाराच्या बाजूने कोणी करीत नाही, म्हणून मी करतो. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्यास संमतीवाचून वाव ठेवलेला आहे. तो वाव किती ताणता येतो हे कोर्टात ठरत राहील. आपण आपली तिजोरी त्यांच्या वाड्यात नेऊन ठेवू नये, हे कोर्टाची वाट न पाहता करता येते.

आता रीत सांगतो, कारण व्याख्यानानंतर लोक तीच विचारतात. पेट्या दोन हव्यात. एका पेटीचे दोन कप्पे चालत नाहीत. कंपनीने दिलेल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये 'खासगी' नावाचा कप्पा दिसला तरी भुलू नका; खाते कंपनीचे आहे, आणि अशा अनेक पेट्यांत व्यवस्थापकाला कर्मचाऱ्याचे खाते पुन्हा उघडण्याचा अधिकार असतो. आपली पेटी आपल्या ईमेलवर, आपल्या पैशाने घेतलेल्या फोनवर आणि आपल्या सिमवर. तिची मुख्य किल्ली कामाच्या पेटीहून वेगळी, आणि ती कामाच्या यंत्रावर कधी दाबावयाची नाही. बँक, निधी आणि आधार ह्यांच्याशी जोडलेला क्रमांक स्वतःचा आहे ना, हे आज घरी जाऊन पाहा. माझा अनुभव असा, की दहांतले दोघे तरी इथेच अडकलेले निघतात. उलट बाजूनेही तितकेच कडक राहा. कामाचा पासवर्ड घरच्या पेटीत नको. नोकरी सोडताना कामाची पेटी लेखी पोच घेऊन परत करावी. एकही किल्ली ठेवून घेऊ नये, आठवण म्हणूनही नाही. उद्या तिथे काही फुटले तर पहिला संशय आपल्यावर येईल. आणि ब्राउझर 'लक्षात ठेवू का?' म्हणाला, तर आपण कोणाच्या ओटीवर बसलो आहोत हे आधी पाहावे.

एवढे शहाणपण सांगतो तर आमच्या घरचेही सांगितले पाहिजे. संघटना हे कंपनीचे घर नव्हे, तसे कार्यकर्त्याचेही नव्हे. ते तिसरे घर आहे. आम्ही हे कधी लक्षात घेतले नव्हते. आमची ईमेल, बँकेचे ऑनलाइन खाते, सभासदांची यादी, सगळे एका जुन्या चिटणीसाच्या फोनवर आणि त्याच्या मुलीच्या नावाने ठेवलेल्या पासवर्डावर चालले होते. पुढे मतभेद झाले, तो बाहेर पडला, आणि पाच महिने आम्हाला आमच्याच वर्गणीचा हिशेब दिसला नाही. तो माणूस चोर नव्हता. रागावलेला होता, आणि किल्ल्या त्याच्या खिशात होत्या. पेणच्या लोकांना मी हे अधिक फोडून सांगावयास नको. २०१० साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले तेव्हा ह्या गावाने लोकांचे पैसे आणि कारभाऱ्यांची मर्जी ह्यांच्यातली भिंत पडली की काय होते ते पाहिले आहे. आमचे प्रकरण त्यापुढे कस्पटासमान. पण कस्पटही डोळ्यातच जाते.

आता संघटनेची पेटी वेगळी आहे. ती सरचिटणीस आणि खजिनदार अशा दोघांकडे असते. हवालदार आणि सबनीस, असे आम्ही थट्टेने म्हणतो. पदाधिकारी बदलला की नवा माणूस मुख्य किल्ली बदलतो, आणि सभेच्या इतिवृत्तात, दप्तर, शिक्का, कपाटाच्या दोन किल्ल्या ह्यांच्याखाली आता 'पासवर्डांची पेटी, एक' अशी ओळ येते. पहिल्यांदा ती ओळ लिहिली तेव्हा सभेत हशा पिकला होता.

त्या केमिस्टचा खटला अजून कामगार न्यायालयात चालू आहे. तो आता दुसऱ्या कारखान्यात लागला आहे. तारखेला येतो तेव्हा त्याच्या खिशात दोन फोन असतात. न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी एक तो बंद करतो, आणि पत्नी बरोबर आलेली असली तर दुसरा तिच्या हाती देतो.